आईला हॉस्पिटलात जखम झाली, तिच्या उपचारांचं बिलही आम्हीच भरायचं?

माजघर

नमस्कार. महिनाभर डोक्यात घोळणारा प्रश्न इथे मांडते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आई ७४ वर्षांची. मधुमेह आहे, पण गोळ्यांवर आटोक्यात. न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. ते उत्तम झालं, सर्जनबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी फिजिओच्या मुलीने तिला पलंगाच्या कडेला बसवलंसुद्धा. तिसऱ्या दिवशी ताप चढला, आई बरळायला लागली, म्हणून आयसीयूत हलवलं. तिथे पाच दिवस होती. भेट सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, तीही पायथ्याशी उभं राहून.

आठव्या दिवशी परत वॉर्डात आणलं. गाऊन बदलायचा होता, मावशींना मदत म्हणून मी आईला कुशीवर धरलं. आधी वास आला, मग दिसलं. माकडहाडावर माझ्या तळहाताएवढा काळा चट्टा आणि कडेने पू. मावशी एकदम गप्प झाल्या. सिस्टर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "वयस्कर माणसांना होतं असं."

मग प्लास्टिक सर्जन आले. ओटीत नेऊन मेलेली कातडी काढली तेव्हा खाली हाड लागलं. चौथ्या ग्रेडचा, म्हणजे पार हाडापर्यंत गेलेला बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम). जखमेतला स्राव ओढून घेणारं व्हॅकचं मशीन लावलं, अँटिबायोटिक बदलली, मुक्काम अकरा दिवसांनी वाढला.

फायनल बिल ७ लाख ४० हजार. घरी आल्यावर एका रात्री पेन घेऊन बसले आणि निव्वळ या जखमेमुळे वाढलेल्या ओळींवर खुणा केल्या. दुसऱ्यांदा ओटी, भूलतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जनच्या व्हिजिट, व्हॅकची किट, अकरा दिवसांचं बेडभाडं. बेरीज २ लाख ८५ हजार. त्याच बिलात आयसीयूच्या पाचही दिवसांचे 'नर्सिंग चार्जेस' आहेत. म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलण्याचे पैसे आम्ही भरले, आणि ती न बदलल्याने जी जखम झाली ती धुण्याचेही आम्हीच भरले.

शिंप्याने शिवलेलं दुसऱ्या दिवशी उसवलं तर तो परत टाके घालायचे पैसे मागत नाही. हॉस्पिटलने का मागावेत?

मला कुणाला तुरुंगात धाडायचं नाही. टाळता येण्यासारख्या चुकीच्या दुरुस्तीचा खर्च कुणी सोसायचा, एवढंच विचारते आहे. डॉक्टर, सिस्टर, वकील मंडळींनी जरूर लिहावं.

पिंपळपान

वाचून पोटात कालवलं. काकूंना लवकर आराम पडो. माझ्या सासऱ्यांच्या वेळी अगदी हेच झालं होतं, आम्ही निमूटपणे पैसे भरून घरी आलो. असा प्रश्न विचारता येतो हेच तेव्हा सुचलं नव्हतं.

कृष्णाकाठ

ताई, मी सांगली जिल्ह्यात पंचवीस खाटांचं हॉस्पिटल चालवतो. जनरल सर्जन आहे. जे वाटतं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

शिंप्याचा दाखला मला पटत नाही. कापड रात्रीतून साखर वाढवून घेत नाही, तंबाखू खाऊन टाक्यांचा रक्तपुरवठा कमी करत नाही. मागच्या वर्षी हर्नियाच्या एका पेशंटची ऑपरेशनमध्ये आत बसवलेली जाळी पिकली. सगळी काळजी घेतली होती, तरी पिकली. दुसऱ्या ऑपरेशनची माझी फी मी घेतली नाही, पण औषधं, भूल, ओटी यांचे पैसे घ्यावेच लागले. ते मी कुठून भरू? माझी चूक नव्हती आणि पेशंटचीही नव्हती. याला आम्ही कॉम्प्लिकेशन म्हणतो. चूक ही वेगळी गोष्ट. ही रेघ पुसली तर प्रत्येक तापाला आणि प्रत्येक उसवलेल्या टाक्याला नातेवाईक म्हणतील, तुमची चूक, बिल भरणार नाही. आधीच काच फुटायची धास्ती असते. मारहाणीविरुद्ध राज्याने २०१० साली कायदा केला, तरी ती गेलेली नाही.

आता तुमच्या आईबद्दल. दाखल होताना पाठ चांगली होती आणि पाच दिवस आयसीयूत राहून चौथ्या ग्रेडपर्यंत गेली, तर तिला कॉम्प्लिकेशन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुणीतरी रोज पाठ बघायला हवी होती.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स. अठरा वर्षं झाली, त्यातली अकरा आयसीयूत आणि मेडिसिन वॉर्डात. कृष्णाकाठ सरांनी 'कुणीतरी' लिहिलंय, ते कुणीतरी म्हणजे आम्ही. म्हणून लिहिते.

माझ्या वॉर्डात रात्री ३४ खाटांना दोन सिस्टर आणि एक मावशी. अंथरुणाला खिळलेले सहा-सात तरी असतात. ऐंशी किलोच्या माणसाची कूस बदलायला दोघी लागतात. दोघी तिथे अडकल्या की बाकीच्यांची सलाइन संपलेली, कुणाची शुगर उतरलेली, कॅज्युअल्टीतून नवा पेशंट दारात. एकाची कूस नीट बदलायची म्हणजे पाठ बघायची, चादर ताणायची, उशी लावायची, टाचा अधांतरी ठेवायच्या, कॅथेटरची नळी अंगाखाली आली नाही ना ते पाहायचं. सात-आठ मिनिटं जातात. सातजणांचे, दर दोन तासांनी, गुणाकार करून बघा.

मग काय होतं तेही सांगते. सकाळी सहाला राउंडच्या आधी चार्ट भरले जातात. बारा, दोन, चार, सहा, चारही रकाने एका बैठकीत आणि एकाच पेनाने. डावी, उजवी, डावी, उजवी. मीही भरलेत. त्यातली किती वळणं खरी होती ते माझं मला ठाऊक आहे, आणि झोप लागत नाही तेव्हा आठवतं.

ताई, ते २ लाख ८५ हजार तुमच्याकडून घ्यायला नको होते, हे नर्स म्हणून माझं मत आहे. पण एक भीती आहे. व्यवस्थापनाला हे पैसे सोडावे लागले तर पहिला मेमो त्या रात्रीच्या सिस्टरला मिळेल. पंप बिघडला म्हणून पगारातून पैसे कापलेले मी पाहिलेत. पैसे कापायचे तर रात्रीला दोनच सिस्टर ठेवायचं ज्याने ठरवलं त्याच्या खिशाला चिमटा बसायला हवा.

जर्सीकर

मूळचा साताऱ्याचा, गेली सतरा वर्षं न्यू जर्सीत हॉस्पिटलच्या बिलिंग-कोडिंगमध्ये आहे. माजघर ताईंचा प्रश्न इथे सरकारनेच विचारला आणि त्यावर नियमही केला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९९९ साली इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला. हॉस्पिटलांत टाळता येण्यासारख्या चुकांनी वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं मरतात असा त्यांचा अंदाज होता. देश हादरला. पुढे कधीच घडू नयेत अशा घटनांची यादी झाली आणि त्यांना 'नेव्हर इव्हेंट' हे नाव पडलं. १ ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने, म्हणजे वृद्धांच्या सरकारी विम्याने, सांगितलं की ठरावीक गोष्टी हॉस्पिटलात आल्यावर घडल्या तर त्यांचे जादा पैसे आम्ही देणार नाही. पोटात राहिलेली वस्तू, चुकीच्या गटाचं रक्त, पलंगावरून पडून झालेलं फ्रॅक्चर, लघवीच्या नळीचं इन्फेक्शन, आणि तिसऱ्या-चौथ्या ग्रेडचा बेडसोअर. हे पैसे पेशंटकडूनही वसूल करता येत नाहीत. २००९ मध्ये चुकीचं ऑपरेशन, चुकीचा अवयव, चुकीचा पेशंट या तिन्हींचे पैसे पूर्णच बंद झाले.

माझ्या कामात यातून एक गोष्ट बदललेली मी डोळ्यांनी पाहिली. प्रत्येक आजाराच्या कोडपुढे आता एक अक्षर लावावं लागतं: दाखल होताना हे होतं की नव्हतं. नोंद नसेल तर 'नव्हतं' धरतात आणि पैसे अडकतात. त्यामुळे पेशंट आला की नर्स त्याला कुशीवर वळवून पाठ, टाचा, कंबर पाहते, मापं घेते, फोटो काढते. आधीही पाहायला हवंच होतं म्हणा, पण पैशांशी गाठ पडल्यावर कुणी चुकवत नाही.

ताई, आईच्या दाखल होतानाच्या कागदावर त्वचेबद्दल काय लिहिलंय ते बघा.

कृष्णाकाठ

जर्सीकर, चांगली माहिती. पण अर्धी. या नियमाने इन्फेक्शन खरोखर कमी झाली का, याचा अभ्यास २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. जवळपास चारशे हॉस्पिटलं तपासली. शिरेतल्या नळीची आणि लघवीच्या नळीची इन्फेक्शन्स आधीच कमी होत होती, नियमामुळे त्या वेगात फरक दिसला नाही. पैसे कापल्याने हात स्वच्छ होत नाहीत.

आणि ज्यांची पाठ आधीच नाजूक आहे, लकव्याचे, कुपोषित, त्यांना छोटी हॉस्पिटलं 'बेड नाही' म्हणून पुढे धाडतील. माझ्या तालुक्यात त्या म्हाताऱ्या माणसाने कुठे जायचं?

जर्सीकर

तो अभ्यास मला माहीत आहे आणि बरोबर आहे. कापलेली रक्कम फारच थोडी होती, हे त्याचं एक कारण असं मला वाटतं. इन्फेक्शन कमी करायचं काम मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी करून दाखवलं, डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या यादीवर. हात धुवा, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने कातडी पुसा, पेशंटला पूर्ण झाका, मांडीतली शीर टाळा, गरज नसलेली नळी काढून टाका. आणि डॉक्टरने पायरी गाळली तर त्याला थांबवायचा अधिकार नर्सला. २००६ साली निकाल छापून आले. तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त आयसीयूंत शिरेतल्या नळीच्या इन्फेक्शनचा आकडा शून्यावर आला होता.

पण सर, दुसरी बाजू बघा. २०१३ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एका हॉस्पिटल-समूहाचा हिशोब आला. त्या अभ्यासात सर्जन आणि लेखक डॉ. अतुल गावंडे होते. त्यांचे वडील आपल्या उमरखेडजवळच्या उटीचे. खाजगी विमा असलेल्या पेशंटला ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली, तर हॉस्पिटलच्या पदरात तशी न झालेल्या पेशंटपेक्षा सरासरी ३९ हजार डॉलर जास्त पडत होते. कुणी मुद्दाम करतं असं नाही. पण जास्त सिस्टर ठेवून जखमा टाळल्या तर हॉस्पिटलचं उत्पन्न घटतं, अशी ही रचना आहे. रात्रपाळी ताईंच्या वॉर्डात तिसरी सिस्टर का येत नाही, याचं उत्तर मला इथे दिसतं.

रात्रपाळी

जर्सीकर दादा, डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला, हे वाक्य मी तीनदा वाचलं. आमच्याकडे 'सर, ग्लोव्ह्ज बदला' म्हणायला दहा वर्षांची नोकरी लागते.

कागदपत्र

मी टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, क्लेम तपासणारी डॉक्टर आहे. आतली बाजू सांगते.

आमच्या टेबलावर फाइल येते तेव्हा आम्ही बघतो की उपचार गरजेचा होता का आणि पॉलिसीत बसतो का. जखम कुणामुळे झाली हा रकानाच नसतो. माजघर ताईंच्या आईच्या फाइलमध्ये 'सॅक्रल बेडसोअर, ग्रेड ४, डेब्राइडमेंट' (माकडहाडावरची जखम, मेलेली कातडी काढली) दिसलं तर मी ते मंजूर करीन, कारण उपचार खरोखरच गरजेचा होता. लोकांना वाटतं कॅशलेस झालं म्हणजे आपलं काही गेलं नाही. पण पाच लाखांच्या पॉलिसीतले तीन लाख जखमेवर गेले, तर त्या वर्षात दुसरं दुखणं आल्यावर हातात दोनच उरतात. पुढे हप्ताही सगळ्यांचाच वाढतो.

खाजगी पॅकेजचा कागदही नीट वाचा. 'गुंतागुंत झाल्यास खर्च वेगळा' ही ओळ बहुतेक ठिकाणी असते. आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले योजनेत तुलनेने सोपं आहे, दर ठरलेला. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवसही धरलेले असतात. अर्थात तिथे दर इतके कमी की हॉस्पिटलांची ओरड असते, आणि ती अगदीच खोटी नाही.

तिसराबाक

वकील. छत्रपती संभाजीनगर. ग्राहक आयोगात वैद्यकीय दावे दोन्ही बाजूंनी चालवले आहेत.

आपल्याकडे अमेरिकेसारखी 'या घटनेचे पैसे नाहीत' अशी यादी नाही. आहे ते नुकसानभरपाईचं दार. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शांता प्रकरणात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, ते हे दार. पण त्यातून जायला निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि तो बहुधा तज्ज्ञाच्या मतावर ठरतो. निर्णय चुकला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही, हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात स्पष्ट आहे. त्यामुळे कृष्णाकाठ डॉक्टरांनी जाळी पिकल्याची फार धास्ती घेऊ नये.

काही गोष्टी मात्र स्वतःच बोलतात. आमच्याच शहरातलं खोडवा प्रकरण घ्या. १९६३ साली इथल्या सरकारी हॉस्पिटलात एक बाई बाळंत झाल्या, नंतर नसबंदीचं ऑपरेशन झालं आणि पोटात मॉप, म्हणजे टॉवेलसारखं कापड, राहिलं. पुन्हा पोट उघडून ते काढलं, पण त्याच महिन्यात त्या गेल्या. कुटुंबाला ३६ हजार रुपये द्यायचा खालच्या कोर्टाचा निकाल हायकोर्टाने फिरवला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केला १९९६ मध्ये. जन्मलेला मुलगा तेव्हा ३२ वर्षांचा झाला होता. मॉप पोटात कसा राहिला हे सिद्ध करायची जबाबदारी पेशंटवर टाकता येत नाही, हे त्या निकालातून आम्ही आजही वाचून दाखवतो.

म्हणून माझं मत असं: अशा बोलक्या घटनांसाठी कोर्टाची वाट पाहायला लावणंच अन्याय आहे. छोटी, ठरलेली यादी हवी. पोटात राहिलेली वस्तू, चुकीची बाजू, चुकीचं रक्त, दाखल झाल्यावर झालेला तिसऱ्या-चौथ्या ग्रेडचा बेडसोअर. यांच्या दुरुस्तीचं बिल हॉस्पिटलने लावूच नये. बाकीच्या गुंतागुंती यादीबाहेर.

माजघर ताई, आजच करा: केसपेपरची पूर्ण प्रत लेखी अर्ज देऊन मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावी लागते. नर्सिंग नोट्स आणि चार्ट त्यात हवेतच. तक्रारीची मुदत दोन वर्षं. जिल्हा आयोगातली फी सेवेसाठी भरलेल्या रकमेवर ठरते, ती रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

कृष्णाकाठ

तिसराबाक, अशी छोटी यादी असेल तर माझी हरकत नाही. यादी वाढत जाईल ही भीती आहे, पण पोटात मॉप ठेवून मी पैसे मागणार असेन तर मी सर्जन कसला.

माजघर

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहिते आहे.

अर्ज दिला. तीन दिवसांऐवजी सहा लागले, दोनदा खेटे घातले, पण २१२ पानं मिळाली. जर्सीकर दादा, दाखल होतानाच्या नर्सिंगच्या कागदावर 'त्वचा: निरोगी' असं स्वच्छ लिहिलंय, खाली सही आहे.

आयसीयूचा कूस बदलण्याचा चार्टही मिळाला. रात्रपाळी ताई, तुम्ही लिहिलं तसंच. पहिल्या दोन रात्री सगळे रकाने भरलेले, एकच अक्षर, एकच शाई. तिसऱ्या आणि चौथ्या रात्री रकाने कोरे. दिवसाच्या नोंदीत तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलंय: 'सेक्रमला (माकडहाडापाशी) लाली, हवेची गादी मागितली.' त्या सिस्टरला दिसलं होतं. तिने मागितली होती. गादीचं भाडं बिलात सातव्या दिवसापासून आहे.

हे घेऊन प्रशासनाकडे गेले. गृहस्थ नम्र होते, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, सदिच्छा म्हणून साठ हजारांची सूट देतो", आणि छापील कागद पुढे केला: आमची कोणतीही तक्रार नाही, भविष्यात करणार नाही. मी सही केली नाही. म्हटलं, मला सूट नको. त्या ओळी बिलातून काढा आणि का काढल्या ते लिहून द्या. ते म्हणाले, असं लिहून द्यायची पद्धत नाही.

तिसराबाक

सही केली नाहीत हे उत्तम केलंत. तो कागद पुढे तुमच्याच विरुद्ध दाखवला असता. सूट म्हणजे मेहेरबानी, आज देतील आणि उद्याच्या पेशंटला देणार नाहीत. बिलातून ओळ काढणं म्हणजे ती रक्कम आमची नव्हतीच असं मान्य करणं. तिथेच सगळं अडतं.

मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलांनी २००१ पासून नेमकं उलट केलं. स्वतःच चौकशी करायची, चूक असेल तर कुटुंबाला बोलावून सांगायची आणि भरपाई द्यायची. दावे वाढले नाहीत, कमी झाले.

नोटिशीचा मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवतो. फी नको.

रात्रपाळी

ताई, एक विनंती. नोटिशीत 'हवेची गादी मागितली' ही नोंद ठळक घ्या, पण त्या सिस्टरचं नाव पुढे करू नका. तिने तिचं काम केलं आणि लिहूनही ठेवलं. मागितलेली गादी चार दिवस का आली नाही, हे विचारा.

आणि आईची जखम आता केवढी आहे? खोली मोजताय का?

माजघर

नाव घेणार नाही, शब्द देते. तिसराबाक दादांनाही तसंच कळवलंय.

घरी सिस्टर एक दिवसाआड येतात. आज मोजली: लांबी चार सेंटिमीटर, रुंदी तीन, खोली एक. तळाशी लाल मांस दिसतंय. मी आणि भाऊ आळीपाळीने रात्री उठतो. अकरा, एक, तीन, पाच. वही केली आहे, कूस बदलली की लगेच लिहितो. तिसऱ्या रात्री मला तीनला जाग आली नाही, तो रकाना कोरा ठेवलाय.

रात्रपाळी

कोरा ठेवलात ते बरं केलंत. डाळ, अंडी, पनीर, जे जाईल ते द्या. टाचा उशीवर टेकवू नका, पोटरीखाली उशी घ्या म्हणजे टाचा अधांतरी राहतील. रविवारी मोजलंत की इथे लिहा.